धोंड्याच्या वाणात आलेली ट्रॉली

पूर्णा,
अधिक ज्येष्ठ वद्य चतुर्थी, गुरुवार

तीर्थस्वरूप रंगनाथमामांच्या पायांवर जावई योगीराज याचं डोकं. (डोकं सध्या ठिकाणावर नाही, जेवढं शिल्लक आहे तेवढं ठेवलं आहे, गोड मानून घ्यावं.) खरं तर अधिक महिना चालू आहे, आणि अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण, तेव्हा नमस्कार कोणी कोणाला करायचा हा प्रश्नच आहे. तुम्ही ताटात माझे पाय धुतलेत, मामींनी त्यांना कुंकू लावलं, आणि त्याच धुतल्या पायांनी मी तुमच्या दारातून निघाल्यावर जे काही भोगलं, ते कळवण्यासाठी हे पत्र. मामींचे गुडघे कसे आहेत? विहिरीला पाणी किती राहिलं? कडूआत्या चुडाव्याहून परत आल्या का, आणि आल्या असल्या तर माझी बदनामी त्यांच्याबरोबर कुठवर आली? गोपाळची वेल्डिंग मशीन अजून चालू आहे, की देवाने कृपा करून ती जाळून टाकली? सगळ्यांना माझा यथायोग्य नमस्कार सांगावा. राजेश्री तुमच्याकडेच आहे, तिलाही सांगावा. पण मी मुद्दाम लिहिलं होतं असं म्हणू नये. ती कशी आहे, जेवते का, कधी येणार, हे मी विचारत नाही. हे पत्र ट्रॉलीबद्दल आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. मामा, या अकरा दिवसांत मी तुम्हाला सात वेळा फोन लावला. तुम्ही उचलता, "बोला जावईबापू" म्हणता, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन मामींच्या हातात जातो. मामी "जेवलाव का" विचारून तो गोपाळला देतात, गोपाळ "दाजी, ट्रॉली कशी चालायलीय?" एवढं विचारून सालगड्याला देतो, आणि सालगडी मला ओळखत नसताना माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलतो. मागच्या खेपेला तर दूध घालायला आलेल्या बाईनेही माझी खुशाली विचारली. तुमचा फोन सगळ्या गल्लीला हात लावून येतो, फक्त घरातल्या एका माणसाच्या हाताला तो लागत नाही. म्हणून कागदाला हात घातला. मी स्वतः पोस्टात आहे, सात वर्षं लोकांची पत्रं पोचवतो आहे. माझं एक पत्र पोचायला हरकत नसावी.

आता मूळ मुद्दा. तो सुरू होतो दिवाळसणाला. मी ही छोटी गाडी घेऊन पहिल्यांदा तुमच्या दारात आलो होतो. गाडी लिटरला बावीस किलोमीटर जाते, आरसे बटणावर मिटतात, सामानाच्या कप्प्यात दिवा लागतो, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारली, मागे जाऊन वाकून खाली बघितलं (मला वाटलं तुमचं काही पडलं), आणि एकच प्रश्न विचारलात, "समदं ठीक हाय, पर वझं वढती का?" या प्रश्नाला माझ्यासारख्या पोस्टातल्या माणसाने "नाही" असं सरळ उत्तर द्यायला हवं होतं. पण दिवाळसणातला जावई, अंगाला उटण्याचा वास, वर नवा सदरा आणि समोर सासुरवाडीची दहा माणसं. मी म्हणालो, "का नाही ओढणार?" राजेश्री तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं त्याचा अर्थ मला लागला नाही. मी ते कौतुक समजलो.

लोकांच्या जावयांना अधिकात काय काय मिळतं, मामा! आमच्या ऑफिसातल्या शंभुराजला चांदीची समई मिळाली. त्याने ती पिशवीत घातली आणि बसने घरी आणली. पिशवीत मावणं हा वाणाचा केवढा मोठा गुण आहे, हे मला आता कळलं आहे. मला नुसतं उपरणं आणि तेहतीस अनारसे दिले असते तरी मी तुमचं नाव काढलं असतं. पण लग्नानंतरचं पहिलं अधिक, एकुलती लेक, आणि तुमचा हात मोठा. पुरणाचे धोंडे मी नऊ खाल्ले. नववा नको म्हणत होतो, पण मामींनी शपथ घातली. मग त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात तुमच्या माजघरात पंख्याखाली मी असा झोपलो की बाहेर खडखड, ठोकाठोक, चर्रचर्र सगळं चालू असून मला ते स्वप्नातच वाटलं. साडेतीनला उठून बाहेर येतो तर माझ्या गाडीला मागून शेपूट फुटलेलं. गोपाळ काळा चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "दाजी, अस्सल लोखंड हाय, गाडी मोडंल पर हूक न्हाई मोडणार." यात मला धीर देण्याचा त्याचा उद्देश होता, हे मी आजही मानतो.

मग तुम्ही मला गोठ्यामागे नेलंत. नव्या धोतराखाली झाकलेलं काहीतरी होतं. ते काढलंत आणि आत ती ट्रॉली! निळा रंग, दोन चाकं, कठड्यावर कुंकवाची स्वस्तिकं, आणि मागे तांबडा दिवा नाही म्हणून मामींच्या वाणातला लाल खण बांधलेला. "आता तुमच्या गाडीला काम मिळालं," असं तुम्ही म्हणालात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारण वेगळं होतं. मी नको म्हणणार होतो. तेवढ्यात मामींनी बजावलं, की अधिकाचं वाण नाकारू नये, आणि घेतल्यावर परत करू नये, देणाऱ्याच्या लेकीला ते बाधतं. आता सांगा, माणसाने बोलायचं काय? मी ट्रॉलीला हात जोडले.

रिकामी ट्रॉली न्यायची नसते हा आणखी एक नियम तिथेच निघाला. (हा नियम मी आजवर ओटीच्या बाबतीत ऐकला होता.) म्हणून तिच्यात ज्वारीचे चार गच्च भरलेले कट्टे आले, आणि राजेश्रीसाठी घेऊन ठेवलेलं लोखंडी कपाट आलं. हे कुठे ठेवायचं यावर तुमच्या अंगणात जी चर्चा झाली तिच्यात मी सोडून सगळ्यांनी भाग घेतला. तुमचा सिद्धांत असा, की हुकावर वझं आलं की पुढची चाकं उचलतात, म्हणून सगळा भार मागे टाकायचा. मामा, तुमची तीस वर्षं ट्रॅक्टरवर गेली. उसाची ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरचं तोंड कसं आभाळाकडे जातं, हे तुम्ही बघितलं आहे. तुमचं ज्ञान खरं आहे, फक्त ते ट्रॅक्टरचं आहे. राजेश्री तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बाबा, ही कार हाय. थोडं वझं म्होरं राहू द्या." तिला तुम्ही म्हणालात, "तू आत जाऊन पिशव्या भर." मी एक अनारसा उचलला. सासरे आणि बायको यांच्यात मतभेद झाला तर जावयाने अनारसे खावेत, एवढी अक्कल मला आहे. पण जाता जाता गोपाळने हुकाची खीळ हातोड्याने ठोकली आणि वर वेल्डिंगचा एक टाका मारला, कशासाठी, तर ट्रॉली चोरीला जाऊ नये म्हणून! म्हणजे ती सोडवता येणार नाही. हे त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. मला ते चुडाव्याला कळलं.

राजेश्री शेजारी आणि कडूआत्या मागे, असे आम्ही निघालो. पालम मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. फक्त ज्याने त्याने थांबवून ट्रॉली कुठून घेतली हे विचारलं, आणि एका गृहस्थांनी न विचारताच ट्रॉलीत कांद्याचं पोतं टाकून, आत्यांशेजारी बसून "म्होरल्या फाट्याला उतरून घेतो" असं सांगितलं. मोकळा रस्ता आला तसा मी पन्नासचा वेग धरला. आणि मागे ट्रॉली डोलू लागली. आधी हळू, मान हलवणाऱ्या म्हाताऱ्यासारखी; मग तिचा जोर वाढला आणि तिच्याबरोबर माझी गाडीही डोलू लागली. ट्रॉलीची दोन चाकं बरोबर मध्यावर, म्हणजे तिचा झाला तराजू. मागच्या पारड्यात कपाट आणि चार कट्टे, आणि पुढच्या पारड्यात माझी गाडी! तिने मागून माझी गाडी उचलून धरली होती आणि ती हवं तशी हलवत होती. मी ब्रेक दाबला. ते आणखी वाईट झालं. राजेश्री ओरडली, "ब्रेक दाबू नगा! पाय सोडा, हात सरळ धरा, आपोआप थांबती." कडूआत्या मागच्या सीटवर डोळे मिटून नागनाथाला नारळ बोलल्या. मी पाय सोडला (ती म्हणाली म्हणून नव्हे, पाय आपसूक उचलला गेला), आणि गाडी एका बाभळीपासून दोन हातांवर थांबली.

मग मी ठरवलं की भार पुढे घ्यायचा. "थोडा घ्या, समदा न्हाई," असं राजेश्री म्हणाली. पण मामा, उन्हाने डोकं तापलेलं, बाभळीने घाम फोडलेला, आणि त्यात तिचं दुपारपासूनचं म्हणणं बरोबर निघालेलं. अशा वेळी नवऱ्याला जरा जास्तच काहीतरी करावंसं वाटतं. कांदेवाल्या गृहस्थांच्या मदतीने मी चारही कट्टे आणि कपाट, सगळं ओढून अगदी पुढच्या कठड्याला लावलं. गाडीचं बूड बसलं आणि तोंड वर आलं. सपाटीला चाललं. पण पुढे ओढ्यातून वर चढायच्या ठिकाणी पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली, कारण या गाडीला ओढतात ती पुढचीच चाकं, आणि ती बिचारी जमिनीला नुसती शिवत होती. क्लचचा वास सुटला. (कडूआत्या म्हणाल्या, कोणाच्या तरी घरी भाकर करपली.) शेजारच्या मळ्यातून दोन माणसं आली. मी त्यांना काही विचारायच्या आत ती दोघं चपला काढून माझ्या बॉनेटवर बसली. ट्रॅक्टरचं तोंड उचललं की असंच बसतात म्हणे. गाडी चढ चढली, हे कबूल करायला हवं. पण चढ संपल्यावर ती दोघं उतरली नाहीत. त्यांना पुढच्याच गावाला जायचं होतं. दीड किलोमीटर मी त्या दोघांच्या पाठी बघत गाडी चालवली. एक जण हाताने डावीकडे-उजवीकडे दाखवत होता, दुसरा भेटेल त्याला रामराम घालत होता. काचेतून मला बाकी काहीच दिसत नव्हतं.

त्या गावात त्यांना उतरवून, कांदे उतरवून, मी निम्मे कट्टे चाकांवर घेतले, दोन पुढे ठेवले आणि कपाट मध्ये आडवं घातलं. आणि काय सांगू, ट्रॉली अगदी शहाण्यासारखी मागे चालू लागली. चाळीसचा वेग, ना डोलणं ना घसरणं.  राजेश्री खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या गालावर मला थोडं हसू दिसलं. मी त्या हसण्याचा राग धरला. तो धरायला नको होता, हे आज लिहितो आहे. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

तिथून सरळ पूर्णेला आलो असतो तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. पण कडूआत्यांना चुडाव्याला लेकीकडे सोडायचं होतं. "वाटंतच हाय," असं तुम्ही म्हणाला होतात. मामा, चुडावा पूर्णेच्या पलीकडे नांदेडच्या अंगाला आहे. पालमहून पूर्णेला येणाऱ्या माणसाच्या वाटेत जर चुडावा असेल तर हैदराबादही आहे. पण आत्या गाडीत बसलेल्या, आणि मी नारायण. गेलो. चुडाव्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागतं. फाटकाची घंटा वाजू लागली, दांडा खाली येऊ लागला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबायला तयार होती, ट्रॉली नव्हती. तिला स्वतःचा ब्रेक नाही, हे गोपाळच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. तिने मला मागून हळूच ढकललं, सभेत एखाद्याला भाषणाला पुढे ढकलतात तसं, आणि माझं बॉनेट बरोबर दांड्याच्या खाली जाऊन थांबलं. दांडा बॉनेटच्या वर हातभर अंतरावर लटकला. पलीकडचा दांडा तोवर पडलेला, म्हणजे पुढे जायची सोय नाही.

फाटकवाले शिवाप्पा मोठे सभ्य गृहस्थ. ते केबिनमधून उतरून आले आणि म्हणाले, "साहेब, दोन हात मागं घ्या." तेवढंच. दोन हात. मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, स्टेअरिंग उजवीकडे वळवलं, आणि ट्रॉली डावीकडे निघाली. डावीकडे वळवलं, ती उजवीकडे. सरळ ठेवलं तर तिला वाटेल तिकडे. पुढे घेऊन सरळ करावं तर पुढे रूळ. शिवाप्पांनी सांगितलं की दांडा पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि नांदेडकडून येणारी गाडी अलीकडे येऊन उभी आहे. मी मान वर करून बघितलं. खरंच उभी होती. मामा, मी एक साधा पोस्टातला माणूस; माझ्यासाठी कधी शेअर रिक्षासुद्धा थांबली नाही. त्या दिवशी माझ्यासाठी अख्खी एक्सप्रेस थांबली, आणि शिट्टी मारू लागली. दारांत माणसं आली. काही खाली उतरली. आणि माझ्या मागे मोटारसायकली, एक रिक्षा, एक टेम्पो, दोन ट्रॅक्टर यांची रांग लागली, ज्यांत एकूण चाळीस माणसं होती आणि चाळीसच्या चाळीस ट्रॉली मागे घेण्यात तरबेज होती. "उल्टं मारा! उल्टं!" "आरं सुल्टं!" "साहेब, ट्रॉलीकडं बघा, गाडीकडं बघू नगा!" मी खीळ काढून ट्रॉली सोडवायला गेलो, आणि तेव्हा मला गोपाळचा टाका दिसला. त्या क्षणी मी तुमच्या मुलाबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. टपाल खात्याचे काही नियम आहेत.

आता पुढचं. लिहावंसं वाटत नाही, पण आत्यांनी तुम्हाला काहीतरी तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून कळलेलं बरं. राजेश्री खाली उतरून माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "मला द्या, मी घेते मागं." मी म्हणालो, थांब. ती दुसऱ्यांदा म्हणाली, "धा वरसं बाबाचा ट्रॅक्टर मागं घेतलाय मी, गोठ्यात सुदिक. एका मिंटात घेते." ते मला ठाऊक आहे. लग्नाच्या आधीच गोपाळने मला सांगितलं होतं की आमची ताई सोळाव्या वर्षापासून ट्रॉली लावते. पण समोर एक्सप्रेस, मागे चाळीस माणसं, आणि त्यातला एक मिशीवाला हसून म्हणाला, "द्या की साहेब, बाईला द्या." ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ती तिसऱ्यांदा काही म्हणायच्या आत मी सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणालो, की हे बाईमाणसाचं काम नव्हे, आणि एवढंच वाटत असेल तर हे तुझ्या बापाचं वाण तुझ्या बापाच्या दारात नेऊन टाक.

चाळीसच्या चाळीस सल्ले थांबले. एक्सप्रेसनेही शिट्टी थांबवली असं मला वाटलं. राजेश्री ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बापाच्या दारातून तर मी बी आलेय. मंग मी बी जाते." तिने आतून तिची पिशवी घेतली, आत्यांच्या पाया पडली, आणि मागच्या रांगेतून पूर्णेकडे परत फिरणाऱ्या रिक्षात जाऊन बसली. मी खाली उतरून जायला हवं होतं. पण खाली उतरलो तर दांडा, गाडी, सिग्नल, एक्सप्रेस. मी स्टेअरिंग धरून बसून राहिलो. मग लोकांनी ज्वारी उतरवली, कपाट उतरवलं, दहा जणांनी ट्रॉली हातांवर उचलून सरळ केली आणि मला दोन हात मागे ढकललं. दांडा पडला, एक्सप्रेस गेली, डब्याडब्यातून लोकांनी मला हात केले. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या.

तर मामा, माझं म्हणणं असं. घरी येऊन मी गाडीची पुस्तिका वाचली. (घरात सध्या दुसरं काही करण्यासारखं नाही.) तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे की ही गाडी ट्रॉली ओढण्यासाठी बनवलेली नाही. पुढे लहान अक्षरांत हेही आहे, की ज्या गाड्या ओढतात त्यांनीसुद्धा भार थोडा पुढे ठेवावा, वेग कमी ठेवावा, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावं, ब्रेक लवकर आणि हलके लावावेत, मागे दिवे असावेत आणि हूक जाणकाराकडून बसवून घ्यावा. जाणकार म्हणजे गोपाळ नव्हे. तिच्यात खणाचा उल्लेख नाही, बॉनेटवर माणसं बसवण्याचाही नाही. अकरा दिवस गाडी आणि ट्रॉली बाजारतळाच्या कडेला जोडीने उभ्या आहेत. मी ऑफिसला पायी जातो. आमच्या शेजारच्या तानुबाई ट्रॉलीवर कुरडया वाळवतात आणि रोज विचारतात, "सूनबाई कवा येणार?" मी म्हणतो, येईल. त्या म्हणतात, "कवा?" मी ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून जातो, आणि सकाळी साडेआठलाच ऑफिसात जाऊन बसतो.

म्हणून ठाम सांगतो, राग मानू नये: गोपाळला मशीन घेऊन पाठवा, त्याने त्याचा टाका तोडावा, आणि ट्रॉली ज्वारी-कपाटासह घेऊन जावं. वाण परत करू नये वगैरे मला सांगू नका. माझ्या गाडीला मागे काहीही नको आहे. हा माझा शेवटचा निर्णय आहे आणि त्यात बदल होणार नाही. वडील माणसांना साष्टांग, लहानांना आशीर्वाद, आणि जिला काही सांगायचं नाही तिला काही सांगू नये.

कळावे. फाटक सोडून बाकी सर्व बाबतीत तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
योगीराज

ता. क. गोपाळला पाठवू नका. टाका मी सोमवारीच इथे तोडून घेतला आहे. ट्रॉली सोडली मात्र नाही. मामी म्हणाल्या होत्या ना, परत केलं तर देणाऱ्याच्या लेकीला बाधतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण उगाच कशाला. खिळेच्या जागी आता नीट काढता-घालता येणारी खीळ आहे, वर जाड साखळी आहे, आणि मागे दोन तांबडे दिवे बसवून घेतले आहेत. खण धुऊन, घडी घालून राजेश्रीच्या कपाटात ठेवला आहे. कपाट घरात लावलं आहे. उत्तरेच्या भिंतीला. तिला दुसरीकडे हवं असेल तर हलवता येईल.

दुसरा ता. क. येत्या रविवारी मी गाडी आणि ट्रॉली घेऊन तुमच्याकडे येतो आहे. अधिक संपायच्या आत आलेलं बरं. एक विनंती आहे, आणि ही कोणाच्या कानावर जाऊ देऊ नये: तुमच्या अंगणात ट्रॅक्टर उभा असतो, तो रविवारपुरता शेतात नेऊन ठेवावा, म्हणजे मला गोल वळसा घालून तोंड फिरवता येईल. आठ दिवस रोज सकाळी सहा ते साडेसात मी बाजारतळावर ट्रॉली मागे घ्यायचा सराव करतो आहे. एक विजेचा खांब थोडा वाकला आहे. पुढे जायला मी आता कोणाला हार जाणार नाही, पण मागे घेणं मला अजून जमत नाही, आणि राजेश्रीसमोर पुन्हा तसं व्हायला नको.

तिसरा ता. क. (पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. पोस्टातल्या माणसाने असं करू नये.) ट्रॅक्टर हलवू नका, आहे तिथेच राहू द्या. मी गाडी अंगणात सरळ आणून उभी करीन आणि उतरेन. किल्ली राजेश्रीच्या हातात देईन. सगळं गाव बघायला आलं तरी देईन, तो मिशीवाला सापडला तर त्यालाही बोलवा. गाडी तिने मागे घ्यावी, आणि पुढे पूर्णेपर्यंत तिनेच चालवावी. वाटेत नसलं तरी फाटकावरूनच जाऊ या, शिवाप्पांना मला सांगायचं आहे की ही माझी बायको. तिला यायचं नसेल तर तिने तसं मला सांगावं, मी ऐकून घेईन. पण सांगायला तरी तिने अंगणात यावं, मामा. अकरा दिवस मी तिला बघितलेलं नाही.